साहेबांची पाठवणी

गावच्या फुटबॉल क्लबचा कारभार पाहणाऱ्या साहेबांना मोठ्या क्लबने बोलावलंय, ही बातमी सलूनमध्ये येऊन थडकली आणि सलूनवाल्या दादांचे पाय जमिनीवर ठरेनात. जरा बरा खेळाडू दिसला की साहेब त्याला विकून मोकळे होत. आता गोल मारणारा एकटा बुटका तेवढा उरला होता, आणि दादांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव.

"साहेब गेले की बुटका वाचला रे!" दादांनी हवेतच कात्री कचकचवली.

"पण जातील का? भित्रा माणूस," बाकावरचा पोस्टमन म्हणाला.

"मग चढवू या की हरभऱ्याच्या झाडावर!"

तेवढ्यात साहेबच दाढीला आले. मग काय विचारता! गालांना फेस फासता फासता दादांनी त्यांच्या नजरेचं, धोरणाचं असं काही कौतुक केलं की बाकावरच्यांना हसू आवरेना. पोस्टमनने तर रुमालात तोंड खुपसलं. खांदे त्याचे गदगदा हलत होते.

"तुमच्याविना आम्ही पोरके होऊ," दादा म्हणाले, "पण साहेब, तुम्ही जाच!"

साहेबांनी पोस्टमनकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. फेसाळल्या तोंडानेच त्यांनी फोन लावला.

"नाही येत हो मी. इथे माणसं माझ्यासाठी रडतायत. पण तुम्हालाही नाराज करायचं नाही मला. असं करा, माझ्याऐवजी आमचा बुटका घेऊन जा."