रबरी पडदे

सख्ख्या भावाशी बिनसल्यावर विमलताईंनी दोन घरांमधली भिंत निर्वात करून घेतली होती. शहरात आता तशी रीतच पडली होती. पोकळीतून आवाज जात नसे. त्या भिंतीतली हवा अखंड उपसणारा पंप आज मेकॅनिक शबाना उघडून बसली होती.

"काकू, आतले रबरी पडदे चिरलेत. नवे बसवेपर्यंत भिंतीत हवा शिरेल. पलीकडचं ऐकू येईल थोडं."

"येऊ दे. माझ्या नावानं बोटंच मोडत असेल तो."

पंपाची धडधड थांबली होती आणि आता भिंत, दीर्घ झोपेतून जागी व्हावी तशी, श्वास घेऊ लागली. पलीकडे स्टोव्ह पेटला. मग भावाचा, दिगंबरचा, आवाज आला. थकलेला, उत्तराची अपेक्षा केव्हाच सोडून दिलेला, केवळ रोजच्या सवयीचा.

"ताई, चहा झाला का गं?"

विमलताईंचा तळवा भिंतीला टेकला. नवा पडदा हातात धरून शबाना थांबली.

"नाही रे दिगू," त्या म्हणाल्या. "अजून नाही."

पलीकडे इतकी शांतता पसरली, की भिंत पुन्हा निर्वात झाली असावी असं त्यांना वाटलं.

"मग ये ना," भिंतीतून आलं. "येताना साखर आण. संपलीय."