पिवळी दोरी

"ही नका घेऊ, काका," दुकानदार मधुसूदन म्हणाला. "पाऊस संपला, कन्हानचं पाणी नितळ झालं. एवढी पिवळी दोरी मासा दुरूनच पाहतो. गळाजवळ फिरकणारसुद्धा नाही."

चंपतरावांनी रीळ खाली ठेवलं नाही. सीताबर्डीच्या या दुकानात ते दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर यायचे. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून हिवाळाभर नदीवर गळ टाकून बसणं, एवढा एकच शौक उरला होता. पेन्शनमध्ये हंगामाला एक रीळ बसायचं. म्हणून ते नेहमी बारीक, पाण्याच्याच रंगाची दोरी घेत. ती स्वस्त असे आणि टिकेही. ही पिवळी जाड होती, पाण्यावर तरंगणारी, आणि महाग.

"दोरी दिसत नसेल तर चष्मा बदलून पाहा," मधुसूदन हळूच म्हणाला.

"माझे डोळे चांगले हायेत गा. सुभद्राचे चालले." चंपतरावांनी रीळ उजेडात धरलं. "डॉक्टर म्हणे, आता इलाज नाही. गळाची काठी मी धरतो, दोरीवर नजर ती ठेवते. हलली का 'ओढा' म्हणते. लग्न झाल्यापासून असंच हाय. साधी दोरी आता तिले दिसत नाही. मले म्हणे, घरीच राहते मी, माझा काय उपयोग?"

मधुसूदनने पिवळं रीळ पिशवीत घालून दिलं.

रविवारी सकाळी दोघं कन्हानवर गेली. चंपतरावांनी हात धरून सुभद्राबाईंना सपाट दगडावर बसवलं आणि गळ टाकला. उन्हात दोरी हळदीसारखी उठून दिसत होती.

"दिसते काय वं?"

"दिसते ना," त्या म्हणाल्या. चंपतरावांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी ते निवांत बसले.

थोड्या वेळाने गळ तळाशी कशात तरी अडकला आणि तुटला. त्यांनी हातानंच दोरी ओढून घेतली, मांडीवर गोळा केली आणि नवा गळ बांधायला घेतला. बायकोला तसं सांगणार, तोच ती बोलली.

"अजी, किती साफ दिसून राहिली," सुभद्राबाई पाण्याकडे तोंड करून म्हणाल्या. "थेट त्या पाण्यापर्यंत. बरं झालं तुम्ही हीच आणली."

चंपतरावांनी मांडीवरच्या दोरीकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. गळ बांधणारी बोटं थांबली.

"हलली," त्या म्हणाल्या. "ओढा."

ते उठून उभे राहिले. तिला नीट ऐकू जाईल असं काठीवरचं रीळ फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"थोडक्यात सुटला वं," ते म्हणाले. "मोठा होता."