चौथा नोझल

सातिवलीच्या गॅरेजात चंद्रहासमामा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ट्रकचा डिझेल फवारणारा कुठला नोझल बिघडलाय ते सांगायचे. ड्रायव्हर बायकोशी भांडून आलाय का, तेही त्यातच ऐकू यायचं म्हणतात. गेली दोन वर्षं मात्र मामांना जेमतेम ऐकू येत होतं, आणि ते त्यांनी घरच्यांपासूनसुद्धा लपवलं होतं.

अशात एक दिवस डिझेल कंप्युटरने सोडणारा पहिला ट्रक दारात आला. मागोमाग लॅपटॉप घेऊन कंपनीचा तरुण मेकॅनिक जितेंद्र आला.

"मामा, ह्याला तुमचा जुना पंप नाही हां. आवाज पण एवढा कमी, की तो स्क्रूड्रायव्हर आता घरी खिळ्याला टांगा."

"तुझी वायर जोडून होईस्तोवर मी दोष सांगून, घरी जेवून, झोप काढून येतो रे!"

सगळं गॅरेज गोळा झालं. ट्रकचा ड्रायव्हर कल्पेश केबिनमध्ये चढून बसला. मामांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि मान डोलावली.

"आवाज कमी कसला, डोंबल! चौथा नोझल कोकलतोय नुसता."

कल्पेशने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडून विचारलं, "मामा, मारू का आता स्टार्टर?"



जितेंद्र हसला असता तर मामांनी त्याला चार शिव्या तरी हासडल्या असत्या. पण तोही बाकीच्यांसारखा मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिला.