कडी अजून वर

“ही कडी अजून वर घेता येईल?”

मालकांनी आधी कडीकडे पाहिलं, मग बाईंच्या कडेवरच्या दोन वर्षांच्या पोरीकडे. कडी त्यांच्या स्वतःच्या छातीला लागत होती.

“ताई, लेकरू आहे की उंट?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दार दोनदा ओढून पाहिलं. मालकांची मान जरा ताठ झाली. दुकानांच्या वरच्या मजल्यावर त्यांनी हे खेळघर थाटलं होतं. जमिनीला फोमच्या लाद्या, खांबांना गाद्या, घसरगुंडी कमरेएवढी, चेंडूंचा हौद गुडघ्याएवढा. तीन वर्षांत इथे कुणाचं नखसुद्धा तुटलं नाही, असं ते सांगत. आणि एरवी थापा मारण्यात पटाईत असले, तरी हे मात्र खरं होतं.

“पळायची सवय आहे,” बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात मी आंघोळीला गेले, तेवढ्यात कडी काढून पसार. हमरस्त्याच्या पलीकडे सापडली. एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली.”

मालकांनी पोरीकडे नव्या आदराने पाहिलं. ती त्यांच्या चष्म्याकडे झेपावत होती.

“आधीच्या दोन ठिकाणी खरं सांगितलं, तर जबाबदारी नको म्हणाले. सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय, काका. रोज तीन तास. पण जिवाला घोर लावून कामात लक्ष लागणार कसं?”

“इथून मुंगी बाहेर पडायची नाही. दाराशी मी स्वतः असतो. फक्त लेकरामागे घरचं एक मोठं माणूस हवं, हा आमचा नियम.”

“आई येईल ना माझी.”

दाराजवळच्या बाकावर आजी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, मांडीवर पर्स. “छान आहे हो जागा,” त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या.

“मग मिटलंच की. आजी बसतील.”

“बसली तर सगळंच मिटलं,” बाई म्हणाल्या, आणि पोरीला हौदाशी सोडून मागच्या खिडकीचे गज हलवून पाहायला गेल्या.

मालकांनी मनात म्हटलं, बाई फारच चिकित्सक. तरी ते दाराशी ताठ उभे राहिले. एक आई लेकाला घेऊन निघाली, तेव्हा दोघांच्या मनगटावरचे नंबराचे पट्टे त्यांनी मुद्दाम मोठ्याने वाचून ताडून पाहिले. आजींचा चष्मा खालच्या दुकानात राहिला होता. त्यांच्यासाठी दार अदबीने धरलं. “सावकाश, पायऱ्या आहेत.” मग कडी घातली, ओढून खात्री केली.

बाई परत आल्या आणि जागीच थिजल्या.

“काका, कुठे गेली?”

मालक गर्रकन वळले. हौदाशी कुणी नव्हतं. घसरगुंडी रिकामी. त्यांनी बुटांसकट हौदात उडी घेतली, दोन्ही हातांनी चेंडू उपसले. तळाला एक मोजा, बाकी काही नाही. घामाने चष्मा घसरला. ओणवे होऊन ते घसरगुंडीखाली शिरले, आणि कोपऱ्यात, पिवळा चेंडू चाटत बसलेली पोरगी त्यांना दिसली.

तिला दोन्ही हातांत उंच धरून ते बाहेर आले. धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता.

“ही घ्या तुमची पळपुटी. म्हटलं नव्हतं, मुंगी बाहेर पडायची नाही?”

बाईंनी पोरीकडे वळूनही पाहिलं नाही. त्या दाराची कडी काढत होत्या.

“ती कुठे जातेय, काका,” त्या म्हणाल्या. “माझी आई कुठंय?”