कसलीच नसलेली टोपली

"अगं अंबू, ती टोपली कसलीच नाही!" वीणाताई म्हणाल्या. शाळेची रीतच अशी: मुलांनी गाण्याच्या, गणिताच्या, मातीकामाच्या टोपलीत चिंचोके टाकायचे आणि दिवसाचा अभ्यास ठरवायचा. नव्याने आलेली अंबू मात्र रोज कडेला पडलेल्या रिकाम्या टोपलीतच टाकायची. बोलायची तर अवाक्षरही नाही.

आज ताईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आपलाही चिंचोका तिथंच टाकला. मग आज अभ्यास कसलाच नाही म्हणत सगळेच लिंबाखाली उताणे पडले. ढग सावकाश सरकत राहिले.

"आमची नदी अशीच वळायची," ढगाकडे बघत अंबू एकाएकी बोलली. "धरणात गेली."

"आणि घर?" ताईंनी हळूच विचारलं.

अंबूने ढगाच्या वळणापाशी आभाळात बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सगळे चिंचोके रिकाम्या टोपलीत पडले. शिकवायला अंबू उभी राहिली.