किल्ल्याच्या दारावरची थाप

किनाऱ्यावरचे किल्ले बघत इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात फिरणारे पाहुणे आमच्याही गावात उतरतात आणि बॅरन ओदोआर्दो त्यांना आपला किल्ला स्वतः फिरून दाखवतो. "आमच्या पूर्वजांच्या काळी समुद्रावरून किती चाचे आले! पण या तटाच्या आतलं एकही माणूस त्यांना नेता आलं नाही," हे सांगताना त्याची मान अशी ताठ होते, जणू तट यानेच खांद्यावर तोलून धरला होता. पाहुणे माना डोलावतात आणि समुद्राचे फोटो काढतात.

संत रोक्कोच्या सणाला आमच्या गावातल्या बायका किल्ल्यापर्यंत चढून जातात, मोठ्या दारावर मुठींनी दणादण थापा मारतात आणि मागे वळून न बघता उतरतात. बॅरन पाहुण्यांना सांगतो, "आमच्या घराण्याला मानवंदना देतात बिचाऱ्या."

यंदा त्याला उमाळा आला. पहिल्याच थापेला दार सताड उघडून तो हात पसरून उभा राहिला. मागे टेबलावर वाइन आणि अंजिरं, आणि बाजूला कॅमेरे सरसावलेले पाहुणे.

"या, या! किल्ला तुमचाच आहे!"

सगळ्यांत पुढे माझी नुन्झियाआत्या होती. तिने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"आत्ता उघडतोस होय रे? चाचे आमच्या पोरींना गलबतात कोंबून नेत होते, तेव्हा हेच दार बडवत होतो आम्ही."

मग तिने कडी धरून दार त्याच्या तोंडावर ओढून घेतलं, आणि बायकांनी पुन्हा पहिल्यापासून दारावर थापा मारायला सुरुवात केली.