सोय झाली

“पासवर्ड सांगा,” सुंदरीबाई म्हणाल्या.

भरतेश चौगुले सर खाटेवर पालथे पडले होते. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. आठवडाभर मान खाली ठेवायची, जेवायला आणि संडासला तेवढं उठायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना आधीपासूनच अंधुक दिसायचं.

आणि नेमकं आत्ताच सरांचं आत्मचरित्र छापायला गेलं होतं. माजी विद्यार्थ्यांनी प्रकाशनासाठी साताऱ्यात हॉल घेतला होता. शेवटच्या दुरुस्त्या सोमवारपर्यंत हव्यात, असा छापखान्याचा निरोप होता. मुलगी बंगळूरला, तिला रजा नव्हती. सांगलीच्या घरात नवरा-बायको दोघंच.

निवृत्तीनंतर फक्त या पुस्तकासाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता. एकदा मुलीनं पाठवलेले नातीचे फोटो मोठे दिसावेत म्हणून सुंदरीबाईंनी तो लावला. काही बिघडलं नव्हतं. तरी सर शेजारच्या दोघांदेखत म्हणाले होते, “तुला यातलं काय कळतं? माझं सगळं आयुष्य आहे त्यात.” त्याच दिवशी त्यांनी पासवर्ड घातला. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून सुंदरीबाई टेबल पुसायच्या ते कॉम्प्युटरभोवती वीतभर जागा सोडून.

शेवटी सरांनी शाळेचं नाव आणि निवृत्तीचं साल सांगितलं. सुंदरीबाईंनी एका बोटानं ते दाबलं आणि वाचायला सुरुवात केली.

ती अडखळेल, असं सरांना वाटलं होतं. ती अडखळली नाही. रोज दुपारी ती बस्तीत, जैन मंदिरात, बायकांना पुराण वाचून दाखवते, हे त्यांना माहीत होतं. ऐकायला मात्र ते कधी गेले नव्हते.

बालपण झालं, कॉलेज झालं, पहिली नोकरी झाली. मग सुंदरीबाईंनी वाचलं, “याच वर्षी माझा विवाह झाला.” आणि लगेच पुढचं वाक्य घेतलं, शाळेच्या नव्या इमारतीचं.

सरांनी उशीत तोंड जरा हलवलं. पुस्तक त्यांना जवळजवळ पाठ होतं. तरीही आता ते वाट बघू लागले, हिचं नाव पुढं कुठं येतंय याची. संस्थाचालक आले, शिपाई गुंडा आला, शाळेला नारळ देणारी धोंडुबाई आली. दुसऱ्या दिवशी दुपारी कोयनानगरचं प्रकरण लागलं. त्या काळात सर तिथल्या शाळेत होते, वसतिगृहही त्यांच्याकडेच होतं.

“पहाटे सव्वाचारच्या सुमारास जमीन हलली,” सुंदरीबाई वाचत होत्या. “शाळेची मागची भिंत खचली. मी वसतिगृहातील साठ मुलांना पटांगणात काढले. घाटात दरडी कोसळल्यामुळे पालकांना पोहोचता येईना. बारा दिवस मुले तंबूत राहिली. त्यांच्या जेवणाची सोय झाली.”

त्या थांबल्या. “यात चूक न्हाई. पुढं वाचू?”

तीन दगडांची चूल, उसनी आणलेली दोन पातेली, कोपरापर्यंत पीठ लागलेला हात. सगळं सरांना दिसलं. तेव्हा ही बावीस वर्षांची होती. लिहिताना त्यांना हे आठवलं नव्हतं, असंही नाही. लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. त्यांचे कान तापले. आपलं तोंड तिला दिसत नाही याचं त्यांना बरं वाटलं आणि तसं बरं वाटल्याची आणखीच लाज वाटली.

“थांब,” ते म्हणाले. “ते शेवटचं वाक्य खोड.”

“मग काय घालू?”

सर वर्गात सांगावं तसं सावकाश सांगू लागले. “माझी पत्नी सुंदरी हिने बारा दिवस साठ मुलांना दोन्ही वेळ रांधून घातले. पूर्णविराम दे. पुढं लिही. तेही एकदासुद्धा कुरकुर न करता, आनंदाने.”

एकेक अक्षर दाबल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तो थांबला.

“लिहिलंस?”

“आनंदाने सोडून सगळं लिवलं.”

“ते का सोडलंस?”

सुंदरीबाई इतका वेळ पुस्तक वाचत होत्या त्याच आवाजात म्हणाल्या, “बाराव्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि मुलं वाचवली म्हणून तुमचा साताऱ्याला सत्कार झाला. फोटो हाय की पुढच्या पानावर. त्याच दिवशी माझं पोट पडलं. दुसरा महिना हुता. तुमी शाल घेऊन आलासा, तवा मी नुसता ताप हाय म्हणून सांगितलं.”